वीस ठोके

सेकंदाला वीस ठोके पडले पाहिजेत.
प्रत्येक ठोक्याला यंत्रानं सगळ्यांना विचारायचं:
गाई, तू कुठं निघालीस?
पाण्या, अजून वाहतोयस का?
गव्हा, वाढलास का बोटभर?
उत्तरं ऐकायची, आणि पुढच्या ठोक्याला हजर.

काल रात्री अकराच पडत होते.

मुजम्मिलनं दगड फोडला. फुटला.
आणि काहीतरी विसरल्यासारखा
परत जागेवर येऊन बसला.
चॅटमध्ये ओळ आली: लॅग मारालंय की भरतेशअण्णा.
तिच्याखाली लगेच: यप्पा, लॅग आगाकत्तैती.
निपाणीत इतक्या एकमतानं केलेली तक्रार
मी तरी दुसरी ऐकलेली नाही.

सर्व्हर आमच्या वखारीच्या माळ्यावर असतो.
खाली तंबाखूची बोदं, वर जुना डेस्कटॉप.
आधी त्याची कूस उघडली.
पंख्याच्या पात्यांवर तपकिरी साय धरलेली.
दादांच्या दाढीच्या ब्रशनं झाडली, सात शिंका दिल्या,
ब्रश होता तिथं ठेवून दिला.
ठोके तेरा.

मग नजर आखूड केली,
बारा चौकांवरून सहावर.
लांबचे डोंगर गेले, समुद्र गेला.
आमचा किल्ला दिसंना झालाय, पोरं ओरडली.
चालत जा, दिसतोय.
असतं तिथंच सगळं.
कुणी जवळ जाईपर्यंत
त्याचा हिशेब कुणी ठेवायचा नाही, एवढंच.
ठोके पंधरा.

मग कोंबड्या सापडल्या.
शिवलीला बडिगेर, संकेश्वर, आठवी ब,
हिनं एका ठोकळ्याच्या खड्ड्यात पाळलेल्या
चौदाशे बारा.
ठोक्यागणिक यंत्र प्रत्येकीला विचारणार, तुला कोण ढकलतंय?
आणि प्रत्येक कोंबडी बाकी सगळ्यांची नावं सांगणार.

फोन लावला. मी मराठीत, ती कन्नडात,
मध्ये कोंबड्या.
चाळीस ठेव, म्हटलं.
एंबत्तु, ती म्हणाली.
मी पन्नास. ती गप्प.
मग अरवत्तु म्हणाली, मी साठ म्हणालो,
आणि एकच आकडा आहे हे कळायला
दोघांनाही थोडा वेळ लागला.
बाकीच्या तिनं स्वतःच मारल्या,
एकेक, रात्री दहापर्यंत.
मी नंतर मोजल्या. एकसष्ट होत्या.
एकीच्या डोक्यावर नाव तरंगत होतं.
मी काही बोललो नाही.

ठोके वीस.

आणि तरी सोहेलचा दगड परत येतोय.

सोहेल शिकलगार, कागल.
कागल इथनं वीस-बावीस किलोमीटर,
कोगनोळीचा नाका ओलांडला की आलंच.
पण त्याच्या कुदळीचा घाव नाक्यावरनं येत नाही.
मी त्याची वाट काढून बघितली:
कागलहून पुणे, पुण्याहून मुंबई,
मुंबईहून बंगळूर, मग हुबळी, मग बेळगाव,
मग आमच्या माळ्याचा जिना.
आणि फुटलो, हे दगडाचं उत्तर
तेवढंच चालत माघारी.

हे कुठल्या फायलीतला आकडा बदलून
कमी होत नाही.
तसं त्याला लिहिलं. बराच वेळ उत्तर नाही.
वाटेत असेल.

रविवारी तो एसटीनं आला.
सिमेंटच्या पोत्याच्या शिवलेल्या पिशवीत लॅपटॉप.
तंबाखूचा वास लागताच शिंकला,
बोदावर बूड टेकलं,
मी निळ्या वायरीचं टोक हातात दिलं. तीन मीटर.
त्यानं कुदळ उगारली.
दगड फुटला. फुटलेलाच राहिला.
त्यानं माझ्याकडं बघितलं,
जणू मीच इतके दिवस दगड परत ठेवत होतो.

मग जेवायलाही उठला नाही.
पाचच्या गाडीपर्यंत अख्खा डोंगर पोखरून
दगड पेट्यांत भरून ठेवले, महिनाभर पुरतील एवढे.
फोडायचं तेवढं इथं, म्हणाला.
रचायला उशीर चालतोय.